तरण्या पोराचे कान

आमचे हे तीस वर्षं यंत्रमागावर. चाळीस माग एकदम सुरू झाले की शेजारच्याचं बोलणंही ऐकू जायचं नाही, म्हणून तिथे सगळे एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. ती सवय घरी आली. मीही वेडी, आवाज न काढता भांडायला शिकले. शेजारीण म्हणायची, "किती गोडीने राहता हो!" कसली गोडी आणि कसलं काय!

ह्या भानगडीत ह्यांचे कान कधी गेले ते कुणालाच कळलं नाही. ह्यांना तर मुळीच नाही.

अडलं ते फोनपाशी. लेक लांबच्या शहरात नोकरीला, दर रविवारी बापाला फोन करायची. फोन बटणांचा, त्यात ओठ कुठून दिसणार? म्हणून हे स्वतःच पाच मिनिटं हवापाणी सांगायचे आणि खट्कन ठेवून द्यायचे. परवा ती मला म्हणाली, "आई, बाबांना माझं ऐकायचंच नसतं. मी आता त्यांना फोन करणार नाही." मी दुसऱ्याच दिवशी ह्यांना धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी वाटाण्याएवढा मळ काढला. मग काचेच्या खोलीत बसवलं. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर बसलेली तपासणीवाली आवाज सोडताना जराशी मान झुकवायची. ह्यांनी नेमकं तेवढंच हेरलं! निकाल काय, तर कान तरण्या पोराचे. हे मिशीत हसले. मी कपाळावर हात मारून घेतला.

"डॉक्टर, ह्यांना भिंतीकडे तोंड करून बसवा."

पितळ उघडं पडलं. बटण जेमतेम दोनदा दाबलं गेलं.

"सततच्या आवाजाने कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी मरतात," डॉक्टर म्हणाले. "त्या पुन्हा येत नाहीत. थेंब नाही, गोळी नाही, मशीनच लावावं लागेल. कारखान्यात कानात घालायला बोळे देत नव्हते?"

"देत होते की! आमच्या खिडक्यांच्या फटी त्यांनीच बुजवल्यात."

मशीन लावून घरी आल्यावर ह्यांनी नळ, पंखा आणि मी, तिघांनाही गप्प बसायला सांगितलं. रविवारी स्वतःच फोन लावला. मी शेजारी कान देऊन बसले.

"पोरी, मला ऐकूच येत नव्हतं गं. मागे काय म्हणत होतीस, ते आज सांग."

पलीकडून ती रडत म्हणाली, "तीनदा विचारलं, बाबा. इथलं सोडून घरी येऊ का म्हणून. तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, इकडे फार ऊन आहे."

ह्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"ऊन कसलं डोंबलाचं! ये तू. आजच नीघ."