नऊ वर्षं विंगेत

नाटक कंपनीत त्यांना सगळे ‘कुजबुज’ म्हणत. एकतीस वर्षं डाव्या विंगेत, उंच स्टुलावर बसून त्यांनी नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. त्यांचा आवाज नेमका नटाच्या कानापर्यंत जायचा. पहिल्या रांगेलाही तो कधी ऐकू गेला नाही. नट मुद्दाम थांबलाय की अडकलाय, हे त्यांना पाठमोऱ्या खांद्यांवरून कळायचं. किती दिग्गजांची अब्रू त्या स्टुलाने राखली, ते रंगमंचाच्या फळ्यांनाच ठाऊक!

निवृत्त झाल्यावर कुजबुजरावांनी कादंबरी लिहिली. कंपनीच्या म्हाताऱ्या शिंप्यावर, तीनशे बारा पानं. बायकोने ती सुवाच्य अक्षरात दोनदा उतरवून काढली. प्रकाशक म्हणाला, “वा! छापतोच.” त्याला आता नऊ वर्षं झाली होती. आधी कागद मिळेना, मग मुखपृष्ठाचा चित्रकार आजारी पडला, मग म्हणे वाचकच आटले. दर महिन्याला कुजबुज इस्त्रीचा सदरा घालून जायचे आणि “पुढच्या हंगामात नक्की” एवढंच घेऊन परत यायचे. सहाव्या वर्षी त्यांना आपली फाईल दिसली. प्रकाशकाच्या टेबलपंख्याखाली! पंखा बुटका होता. फाईलमुळे वारा बरोबर साहेबांच्या तोंडावर येत होता.

“निदान वाऱ्यावर तरी सोडली नाही,” बायको म्हणाली.

आणि अशात नायकाचं पुस्तक आलं. नायक म्हणजे कंपनीचा देखणा, लाडका नायक, कुजबुजांच्याच बरोबरीचा. त्याने आरामखुर्चीत पडून आठवणी सांगितल्या, भाचीने टाईप केल्या, आणि तिसऱ्या महिन्यात पुस्तक तयार. प्रकाशकही तोच! नायकाने पहिली प्रत घरी पाठवली. आत लिहिलं होतं, ‘माझ्या कुजबुजला, प्रेमाने.’

कुजबुजांनी पेन्सिलीला टोक केलं आणि चुका शोधायला पुस्तक उघडलं. अकरा वेळा वाचलं. प्रत्येक भोंगळ वाक्य खोडून वर आपलं वाक्य लिहिलं. भाजी आणायला जातानाही ते मनातल्या मनात नायकाची पानं दुरुस्त करत होते.

“इतकं प्रेमाने तर तुम्ही माझं एक पत्रही वाचलं नाहीत,” बायको म्हणाली.

प्रकाशन रविवारी सकाळी, त्यांच्याच जुन्या नाट्यगृहात होतं. बायको तिसऱ्या रांगेत बसली. कुजबुज गुपचूप डाव्या विंगेत गेले. स्टूल अजून तिथेच होतं. इथे बसलं की टाळ्या वाजवाव्या लागत नाहीत, एवढाच हिशेब.

नायक उभा राहिला. प्रकाशकाने पुस्तक पुढे केलं, तर नायकाने ते मिटून टेबलावर ठेवलं. “नटाने का कधी वाचून दाखवावं?” सभागृह खूश! त्याने पहिलं प्रकरण तोंडपाठ सुरू केलं. काय तो आवाज, मेल्याचा! सत्तरीतही घंटेसारखा. कुजबुजांचे ओठ सवयीने त्याच्याबरोबर हलू लागले.

“पडदा पडला की…” नायक म्हणाला आणि थांबला.

लोकांना वाटलं, काय हा विराम! कुजबुजांनी मात्र नायकाचा अंगठा पाहिला. अडकला की तो अंगठा मुठीत दाबायचा. मग त्याची नजर हळूच डाव्या विंगेकडे वळली. तिथे कोणी असेल असं त्याला वाटत नव्हतं, नुसती जुनी खोड.

एक. दोन. तीन. राहू दे उभा. मी नऊ वर्षं उभा आहे. चार. पाच.

सहाव्या क्षणी तोंड आपोआप उघडलं. पण पुस्तकातलं ‘हृदयात अतीव पोकळी निर्माण होत असे’ जिभेवर येईना. आलं ते पेन्सिलीचं.

“टाळ्या आपापल्या घरी जायच्या, आणि मी एकटाच मागे उरायचो.”

नायकाने ते उचललं, आणि सभागृह टाळ्यांनी कडाडलं. लोक उभे राहिले. कुजबुज स्टुलाची कड घट्ट धरून बसले. त्या टाळ्या माझ्या आहेत, माझ्या! आणि चालल्यात त्याच्या घरी.

कार्यक्रम संपल्यावर नायक तडक विंगेत आला. मागोमाग प्रकाशक, आणि नवऱ्याला शोधत आलेली बायको.

“कुजबुज, लेका, ते वाक्य माझं नव्हतं,” नायक म्हणाला. मग प्रकाशकाकडे वळला. “ज्याच्यावर आज टाळ्या पडल्या ना, ते ह्याचं वाक्य. ह्याची कादंबरी कुठंय?”

“आहे की, समोरच असते माझ्या,” प्रकाशक गडबडला. “जरा सुरुवात ऐकवता का?”

कुजबुजांनी तोंड उघडलं. काही येईना. नायकाची एकशे चाळीस पानं पाठ, आणि स्वतःची पहिली ओळ कोरी! अंगठा मुठीत गेला.

“शिंप्याच्या दुकानात आरसा नव्हता,” मागून हलकेच आवाज आला, नेमका कानापर्यंत पोहोचेल इतकाच. बायको छताकडे बघत होती.

“शिंप्याच्या दुकानात आरसा नव्हता,” कुजबुज म्हणाले, आणि पुढची वाक्यं आपसूक आली. “त्यामुळे गिऱ्हाइकं त्याच्याच चेहऱ्यावरून ठरवायची, कपडा अंगावर कसा बसलाय ते.” ते बोलत राहिले. अर्धं पान झालं. प्रकाशक घड्याळ बघायचं विसरला.

“पुढच्या हंगामात…” तो म्हणाला.

“तारीख,” बायको म्हणाली आणि पर्समधून पेन काढलं.

प्रकाशकाने डायरी उघडली. तिने तारीख लिहून घेतली, खाली सही घेतली आणि डायरीच्या त्या पानाचा कोपरा दुमडला.

“तुझ्या प्रकाशनाला मी वाचणार हं,” नायक म्हणाला. “फुकट!”

कुजबुजांनी त्याच्याकडे पाहिलं. हा मेला चांगुलपणातही आपल्यापुढेच!

“नाही,” ते स्टुलावरून उतरत म्हणाले. “वाचणार मी. तू बस इथे.”

नायक हसला आणि लगेच स्टुलावर चढून बसला. त्याचे पाय खाली टेकेनात.