गिरीश नेहमी शेवटी चालतो

गिरीश उंबरकर इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्सच्या ट्रेक ग्रुपचा लीडर, पण चालतो कायम सगळ्यांच्या शेवटी. "पुढे कोणीही चालते रे," तो म्हणतो, "मागे राहिलेल्याच्या मागे कोणीतरी पाहिजे."

मूळचा नागपूरचा. लहानपणी डोंगर पाहिला तो सीताबर्डीच्या टेकडीएवढा, आणि बर्फ पाहिला तो गोळ्यातला. इथे आला आणि वेडच लागलं! नकाशे, बुटांना लावायचे खिळे, गळ्यात शिट्टी, सगळं स्वतः शिकला. ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका दाखवायच्या आणि तरी दुपारी त्यांच्याच टेबलावर हसतखेळत जेवायचं, हे त्यालाच जमतं.

नोव्हेंबरअखेर कंपनीने त्याला काढलं. व्हिसा कंपनीच्या जिवावर, म्हणजे साठ दिवसांत दुसरी कंपनी शोधा नाहीतर चालते व्हा. इथे कायम राहण्याचा हक्क मिळायला पाच महिने उरले होते. पाचच! पोरगी तनया, मे महिन्यात तिची ए-लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची परीक्षा.

आणि मी, स्वानंद. कोथरूडचा, मोठेपणाची हौस भारी. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात, चार लोकांसमोर, हातातलं ताट सावरत मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "टेन्शन कशाला घेतोस? माझ्या टीममध्ये जागा आहे. तुझं काम झालंच समज." पुढच्या आठवड्यात आमच्या एचआरने साफ सांगितलं, व्हिसावाले घेणार नाही. ते मी गिरीशला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे काढले. तोंडात काय मूग भरले होते माझ्या?

जानेवारीतल्या त्या शनिवारी आम्ही अकरा जण वेल्समध्ये एरीरी नॅशनल पार्कला गेलो. डोंगरात दोन तळी आहेत, एक खाली, एक वर. पार्किंगमध्ये उणे चार. गिरीशने प्रत्येकाचे बूट तपासले. त्याच्या साठातला तो त्रेचाळिसावा दिवस होता. मी मोजत होतो ना! म्हणून तर त्याच्याशी एकटं पडायला नको असं ठरवून तरातरा पुढे निघालो. मागे तो कस्तुरीला धीर देत येत होता. तिचा पहिलाच ट्रेक. "काही होत नाही वो, पाय सपाट टाका."

खालच्या तळ्याच्या काठाला बर्फ धरलं होतं, मध्ये काळंभोर पाणी. सगळ्यांनी फोटो काढले. मीही दात काढून हसलो. मग वरच्या तळ्याच्या चढावर माझ्या उजव्या बुटावरच्या खिळ्यांचा पट्टा सुटला. हातमोजे घालून बांधता येईना, काढले तर बोटं बधिर. एकेक जण पुढे गेला, आणि शेवटी आला गिरीश.

तो गुडघे टेकून बर्फात बसला. "काय करून राहिला बे? दे इकडे."

पट्टा ओवता ओवता सहज म्हणाला, "लीड्सवाल्यांची ऑफर आली होती. परवा 'नाही' म्हणून कळवलं त्यांना."

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? तू शब्द दिला ना. उगाच त्यांना लटकवून कशाला ठेवायचं? आणि इथेच राहिलो तर तनयाची शाळा सुटत नाही."

तेव्हा मी बोललो. सगळं. वाऱ्यात मला माझाच आवाज चोराचा वाटत होता. त्याचे हात थांबले.

"कधी कळलं तुला?"

"तीन आठवडे झाले."

त्याने बक्कल लावलं, पट्टा ओढला. "फार आवळलं तर नाही ना?"

मी मान हलवली. तो उठला, गुडघे झटकले. "हो पुढे. मी आहे मागे."

वर गेलो तर तळं दिसेचना. सगळं पांढरं. "कुठाय तळं?" ग्रुपमधला जय विचारत होता. "त्याच्यावरच उभा राहशील, सरक मागे!" गिरीश ओरडला. मग त्याने माणसं मोजली, अकरा, आणि आमच्याकडे पाठ करून फोन वर धरून रेंज शोधत उभा राहिला. शनिवार होता. रेंज असती तरी लीड्सला उचलणार कोण होतं?

सोमवारी त्याने फोन केला. जागा भरली होती.

जानेवारीअखेर ते नागपूरला परत गेले. घर रिकामं करायला आम्ही मदतीला गेलो होतो. तनया पुस्तकांच्या खोक्यावर बसून होती, मी जवळ गेलो तशी उठून आत गेली. गिरीशने गळ्यातली शिट्टी काढली आणि कस्तुरीच्या हातात दिली.

"अहो, मला कशाला?" ती घाबरली. "मला कुठे काय येतं! स्वानंदला द्या ना."

"नको," गिरीश म्हणाला. रागाने नाही, बूट तपासताना बोलायचा तसंच. "तो पुढे चालतो."