बाईंनी ओतलेली कढी

आमच्या सेलूच्या वृद्धाश्रमात यमाला यायचं झालं असतं, तरी स्वयंपाकघरातून त्याला वाट मिळाली नसती. तिथं बाई होत्या. दवाखान्यातली नर्सची नोकरी संपवून त्या आल्या आणि आमच्या भांड्याकुंड्यांनाही धाक बसला. जाळीच्या कपाटाचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत उभे राहिले, पिठाच्या डब्यांनी जमीन सोडली, फ्रिजमध्ये कच्चं खाली आणि शिजलेलं वर बसू लागलं. एखादं झाकण उघडं राहिलं तर बाईंना पलीकडच्या खोलीत कळायचं. लेकानं आणलेले लाडू उशीखाली दडवणाऱ्या आबांसमोर त्या नुसत्या उभ्या राहायच्या. "आबा, खवट वास यायलाय. तुमी काढता का मी काढू?" आबा निमूट काढायचे, "नर्स न्हाई, फौजदार हाय," असं पुटपुटायचे आणि ताटातलं मात्र बिनघोर जेवायचे. मी शाळेत मास्तर, आश्रमाच्या संस्थेचा सचिव. पण धुतलेले हात दाखवल्याशिवाय मलाही आत प्रवेश नव्हता.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा धुमसत होता, तेव्हाचा उन्हाळा. एका व्यापाऱ्यानं वडिलांच्या श्राद्धाचं जेवण आश्रमात पाठवलं. बाईंनी कढीच्या पितळी पातेल्यात डाव फिरवला, वाकून पाहिलं आणि मला बोलावलं. आतली कल्हई उडाली होती. कढी कळकून कडेनं हिरवट झाली होती. त्यांनी पातेलं उचललं आणि परसातल्या खड्ड्यात रिकामं केलं.

"बाई, शेठला काय सांगू?" जेवण घेऊन आलेला शेठचा गडी घाबरला.

"सांग, शेठचा मान मोठा हाय, पर पातेल्याला कल्हई न्हाई."

संध्याकाळपर्यंत गावात वेगळंच पसरलं. बौद्ध बाईनं मुद्दाम श्राद्धाचं अन्न मातीत घातलं म्हणे. समितीची बैठक बसली. आश्रमाच्या नव्या खोल्या तोच व्यापारी बांधून देणार होता. बाई एवढंच म्हणाल्या, "सरांनी पातेलं बघितलंय. त्यांला इचारा."

मला नीटसं दिसलं नाही, असं मी सांगितलं.

मला नीट दिसलं होतं. ती कढी खाण्याजोगी नव्हती, आणि ज्या म्हाताऱ्यांसाठी बाईंनी ती ओतली, त्यांची जात त्यांनी कधी विचारली नव्हती. हे लिहायला मी फार उशीर केला.

काम गेलं तशा बाई चुडाव्याला भावाकडे राहायला गेल्या. पुढं एकदा तिथल्या स्टेशनावर भेटल्या. मी शब्द जुळवत होतो, तोवर त्यांनीच विचारलं, "सर, रातीचं वरण उरलं तर टाकतेत ना? सकाळी वाढीत न्हाईत ना?"

"टाकतात," मी म्हणालो.

"मग झालं," म्हणून बाई निवांत हसल्या. त्या गेल्यापासून मी त्या स्वयंपाकघरात पाऊलही ठेवलं नव्हतं.