गाळ बसेपर्यंत

"थांब भो, गाळ बसू दे."

कोरा कागद समोर आला की आप्पा डावा तळहात त्यावर सपाट ठेवायचे, एवढं बोलायचे आणि डोळे मिटायचे. पंधरा मिनिटं, कधी वीस. खालच्या मजल्यावर छपाईची मशीनं धडधडत असायची, जिन्यात वाफ कोंडलेली असायची, कुणाचा ना कुणाचा फोन वाजत असायचा. आप्पा हलायचे नाहीत. मग ब्रश उचलायचे आणि एकदा उचलला की खाली ठेवायचे नाहीत.

सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एका साड्यांच्या मिलमध्ये आमची डिझाइनची खोली होती. आम्ही तिघं कॉम्प्युटरवर बसायचो. हाताने काढणारे एकटे आप्पा. त्यांनी काढलेला बुट्टा मी कॉम्प्युटरवर घ्यायचा, कडा जुळवून साडीभर पसरवायचा, रंग वेगळे करायचे आणि छपाईच्या स्क्रीन बनवायला पाठवायचं, अशी आमची जोडी. त्यांचं नाव सांगत नाही. साडी नेसणाऱ्या बाईला तरी बुट्टा काढणाऱ्याचं नाव कुठे ठाऊक असतं?

ते शिरपूरकडचे, तापीकाठच्या गावातले. पुराचं गढूळ पाणी आई हंड्यात भरायची, तुरटी फिरवून ठेवायची आणि पोरांना सांगायची, हात लावू नका. "तेच मी करतो," आप्पा म्हणायचे. "डोक्यात रोज पूर. तुरटी फिरवून बसायचं."

आम्ही त्यांची भरपूर टिंगल केली. एकदा ते बसल्या बसल्या चक्क घोरू लागले. मी म्हटलं, "आप्पा, तुमची समाधी घोरते बरं का." डोळे न उघडता म्हणाले, "घोरू दे. गाळ तळाशी गेला ना, मग झालं."

कुणाला सांगू नका, पण मीही एकदा घरी बसून पाहिलं होतं. गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीत, मांडी घालून. पाच मिनिटांत मला गाडीचा पंक्चर झालेला टायर दिसला, मग शेजाऱ्याची कुरबुर, मग बटाटेवडा. बुट्टा काही दिसला नाही. तेव्हापासून मी ठरवून टाकलं की हे ज्याचं त्याला जमतं.

आप्पांना मात्र खरंच दिसायचं. त्यांचं कपाशीचं बोंड तुम्ही पाहायला हवं होतं. नुकतं तडकलेलं, आतला कापूस जेमतेम डोकावणारा. बाजारात एखादी साडी चालली की आठ दिवसांत दहा मिलमध्ये तिची नक्कल छापली जाते, आमचा धंदाच तसा. पण त्या बोंडाची नक्कल कुणाला साधली नाही. रेघा सगळ्यांना आल्या, ते तडकणं कुणाला आलं नाही.

मग आप्पा दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेले. मुलीने आग्रह केला होता. मुलगी बारडोलीला दिलेली, जावई साखर कारखान्यात. ते परत आले तेव्हा चेहरा असा स्वच्छ होता की आम्हाला वाटलं, आता काय एकेक बुट्टे निघतील!

एकही निघाला नाही.

ते रोज यायचे, कागदावर हात ठेवायचे, डोळे मिटायचे, उघडायचे, आणि कागद तसाच ठेवून घरी जायचे. एक आठवडा गेला, मग दुसरा. दिवाळीचा माल छापायची वेळ आली. शेवटी मी विचारलं, "आप्पा, काय झालं?"

"तिथं शिकवलं, जे येईल ते धरू नको. येऊ दे, जाऊ दे." ते माझ्याकडे बघत राहिले. "आता मोर येतो, मी म्हणतो जा. कमळ येतं, म्हणतो जा. सगळे जातात भो. मागे कुणीच राहत नाही."

मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण आप्पा हसत नव्हते. "आधी मी बुट्ट्यासाठी बसायचो," ते म्हणाले. "मांजर बिळापाशी बसतं तसा. आता तसं बसवत नाही. आणि हात तर उठत नाही. चाळीस वर्षांचा हात आहे. गेला तर मी कोण?"

इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

थोरल्या शेठना आप्पांचं कौतुक होतं, पण आता गादीवर त्यांचा मुलगा आला होता. तो गुरुवारी वर आला, आप्पांच्या टेबलावरचा कोरा कागद उचलून उजेडात धरला, मागूनही पाहिला. मग गोड आवाजात म्हणाला, "काका, शनिवारे बपोर सुधी डिझाइन जोइए. नहीं तो पछी घरे बेसीने ध्यान करजो." म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत डिझाइन द्या, नाहीतर घरी बसून ध्यान करा. दारातून वळून माझ्याकडे बोट केलं. "तू पण. काकाच्या कागदाशिवाय तुझं इथे काम काय?"

त्या संध्याकाळी मी आप्पांच्या मागे लागलो. "दोन दिवस बसू नका ना. सोडा ते. जुना मोर थोडा फिरवून द्या, मी बाकीचं बघतो." माझं लग्न ठरलेलं होतं, सासऱ्याला 'पक्की नोकरी' असं सांगून झालं होतं. मी त्यांना जवळजवळ हात जोडले.

शुक्रवारी त्यांनी माझं ऐकलं. आल्या आल्या, डोळे न मिटता, ब्रश घेतला. दुपारपर्यंत एक मोर झाला. मोर ठीक होता. कुठल्याही मिलचा असतो तसा होता. आप्पांनी तो बराच वेळ पाहिला, चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. मी तेव्हा त्यांच्यावर जे ओरडलो ते इथे लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि जेवणाचा डबा उघडून माझ्यासमोर अर्धी भाकरी ठेवली.

शनिवारी ते माझ्या आधी येऊन बसले होते. हात कागदावर, डोळे मिटलेले. नऊ वाजले, दहा वाजले. बाकीचे दोघं हळू आवाजात बोलत होते. माझं लक्ष घड्याळाकडून जिन्याकडे आणि जिन्याकडून त्या हाताकडे फिरत होतं. साडेदहाला मी हाक मारली, "आप्पा." मी खांद्याला हात लावायला उठलो आणि का कुणास ठाऊक, परत बसलो.

अकरा वाजून गेल्यावर त्यांनी डोळे उघडले. ब्रश भिजवला. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. रंगही स्वतःच घोटला, मडक्यासारखा लाल. कागद माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "घे. आहे तसं घे." आणि खाली चहाला गेले.

मी पाहिलं. तेच कपाशीचं बोंड, पण आधीपेक्षा लहान, आणि तडकणं जरा जास्त खोल. सबंध कागदावर अशी चारच. बाकी सगळी जमीन, म्हणजे बुट्ट्यांमागचा भाग, मोकळी. एक पान नाही, ठिपका नाही, वेल नाही.

पाहता पाहता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते सुंदर होतं. पण सुरतेच्या बाजारात मोकळी जमीन चालत नाही. व्यापारी साडी हातात घेतो आणि पहिलं विचारतो, यात भरलंय काय. धाकटा शेठ हा कागद पाहून काय म्हणेल ते मला पाठ होतं.

जिन्यात बूट वाजले.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार पानांची जाळी पडून होती, कुठेही टाकायला. मी ती टाकली. चार बोंडांच्या मध्ये सगळीकडे पानं पसरली. वाईट वाटलं म्हणून त्यातल्या त्यात फिका पोपटी रंग निवडला, म्हणजे फार डोळ्यांत येणार नाही. शेठ मागे उभा राहिला तेव्हा पडद्यावर तसूभर जागा रिकामी नव्हती.

"आ चालशे," तो म्हणाला. "आजच स्क्रीन बनवायला पाठव."

मी पाठवलं. आप्पा चहा पिऊन आले, तेव्हा मी फक्त एवढंच सांगितलं, "पास झालं." ते लहान पोरासारखे हसले. त्या हसण्यापुढे मला तोंड उघडता आलं नाही, आणि नंतर तर रोजच उघडता आलं नाही.

आठ-दहा दिवसांनी पहिली छापलेली साडी वर आली. कॉटनची, स्वस्तातली. आप्पांनी ती टेबलावर पसरली. पानांवरून बोट फिरवलं, एका बोंडापाशी थांबवलं.

"तू भरलं?"

"हो."

"भ्यालास?"

"हो, आप्पा."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं असंच वाटत होतं. शुक्रवारची फेड झाली असती. त्यांनी साडीची घडी घातली, चारही कोपरे नीट जुळवले. "मीही असाच भरायचो," ते म्हणाले. "चाळीस वर्षं. रिकामं दिसलं की भीती वाटायची. म्हणून वेल, म्हणून पान, म्हणून ठिपका. तेवढी जागा सोडायला मला लई दिवस लागले भो." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे."

साडी चांगली खपली. आमच्या नोकऱ्या राहिल्या. आप्पांनी मात्र दिवाळीनंतर स्वतःहून काम सोडलं आणि ते बारडोलीला मुलीकडे गेले. जाताना तो मूळ कागद मी त्यांना देऊ केला. "तुझ्याकडेच असू दे," म्हणाले. मी तो प्लास्टिकमध्ये घालून ठेवला आणि लाजेपायी पुन्हा उघडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मी बारडोलीला त्यांच्या मुलीला भेटायला गेलो. मुलगी म्हणाली, रोज सकाळी बसायचे. एकदा सकाळी हाक मारली तर ओ आली नाही. उठून कधी काही काढायचे का, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

परवा, कामाला जाताना, आमच्या गल्लीत एका घरापुढे साडी वाळत घातलेली दिसली. दोरीभर उलगडलेली. मी गाडी थांबवली. कापड विरत आलं होतं, काठ उसवले होते. चार लाल बोंडं होती, पुढे पुन्हा चार, पुन्हा चार, नुकती तडकल्यासारखी. त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं. माझा फिका पोपटी धुऊन धुऊन पार उडाला होता. पानं कुठे होती ते मलासुद्धा शोधावं लागलं.

घरातून एक खानदेशी बाई बाहेर आली. "काय भाऊ, काय पाही ऱ्हायनात?"

"साडी," मी म्हटलं. "चांगली आहे."

"जुनी शे," ती म्हणाली. "आधी पानंच पानं व्हतात. धुवाई ग्यात. आते चांगली दिखस."

मला हे आप्पांना सांगायचं होतं. ती साडी वाळून, तिने घडी घालून आत नेईपर्यंत मी तिथेच उभा होतो.