पहिली चूल कुणाची

गावात आधी रेल्वेचा गँगमन आला की माळी, यावरून आमचं नाशिक रोडलाच जुंपलं, गाडी यायच्या आत. मी गँगमनची पणती, माझ्या विहीणबाई सुमनबाई माळ्यांच्या. माहेर दोघींचं एकच, मनमाडच्या अंगाला रुळाकडेचं इवलंसं गाव. तिथं देवीच्या भंडाऱ्याला पहिली चूल पेटवते ती गावात सगळ्यांच्या आधी आलेल्या घरची लेक. आजवर माझी काशीआत्या पेटवायची. आता तिला दिसत नाही, म्हणून यंदा ती हा मान कुणाला तरी देणार होती. मला हवा होता, खोटं कशाला बोलू! सुमनबाईंनाही हवा होता.

पॅसेंजरचं तिकीट वडापावच्या भावात. पाणी मात्र घरचं घ्या, गावच्या स्टेशनात नळ आहे, पाणी नाही. आणि खिडकी सोडू नका. द्राक्षबागा सरल्या की कांदा लागतो, ऊन असं मऊ, की वाटतं गाडी उभीच आहे आणि शेतंच झोपेत चाललीत. सुमनबाई तर घोरल्याच.

उतरल्यावर रिक्षा शोधू नका, गाव समोरच. इथं कोळशाचं इंजिन पाणी प्यायला थांबायचं. सांडलेल्या पाण्यावर माळ्यांनी पहिली वांगी धरली, असं म्हणतात.

आत्यानं आमची तोंडं चाचपली. मी लगेच विचारलं, "आत्या, पहिले आपणच ना?"

"आपणच. गँगमनची झोपडी पहिली."

मी सुमनबाईंकडे असं बघितलं!

"पण चुलीवर होतं काय? नुसती भाकर," आत्या म्हणाली. "सुमनच्या पणजीनं पाटीभर वांगी आणून आपल्या चुलीत भाजली. वास घेत माणसं आली, ती राहिली. नुसत्या चुलीला कोण गाव म्हणतंय?"

"मग मान कुणाचा?" सुमनबाई.

"तू फुंक, हिनं काडी धरायची. लय भांडलात, फुंकर तरी हाय का उरलेली?"

होती की! पहिली काडी सुमनबाईंनी विझवलीच. आत्या हसता हसता खोकली. दुसरीला चूल पेटली, धूर रुळांवर गेला, तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली. वाटलं, आता थांबेल, पाणी मागेल.

घरी येऊन आठवडा झाला. भंडाऱ्याला नेसलेलं लुगडं मी अजून धुतलं नाही, धुराचा वास आहे त्याला. अर्धाच मान मिळाला, पण बाई, आजवर एकटीनं पेटवलेली एक तरी चूल आठवते का मला?

निघताना आत्यानं हात सोडले नाहीत. "परत कधी?" म्हणाली. आम्ही दोघी एकदमच बोललो, चंपाषष्ठीला.