बीडहून घेतलेली परीक्षा

निघायला आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली. राजधानीत गोळीबार सुरू झाला होता. आमचं गाव तिथून दूर आणि शांत होतं, पण परदेशी माणसांना ठेवायचं नाही असा हुकूम आला आणि दूतावासाची बस शाळेच्या मैदानात येऊन उभी राहिली. पूर्व आफ्रिकेतल्या त्या देशाचं नाव लिहीत नाही. माझी माणसं अजून तिथेच आहेत.

जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झाल्यावर मी एका सरकारी योजनेतून स्वयंसेवक म्हणून तिथे गेले होते, बायकांना हातपंप दुरुस्ती शिकवायला. ग्रेस आणि तिच्या पाच जोडीदारणींचं शिक्षण संपलं होतं, परीक्षा तेवढी राहिली होती. पंप खोलायचा, वायसर (दट्ट्यावरची रबरी वाटी) बदलायचा, पुन्हा जोडून पाणी काढायचं, आणि शिकवणाऱ्याने ते स्वतः पाहून सही करायची. सही झाली तर हत्यारांची पेटी आणि आसपासच्या गावांचे पंप या बायकांच्या ताब्यात. नाही झाली तर शहरातल्या ठेकेदाराकडे, जो सवडीने येतो.

ग्रेस बसच्या खिडकीशी आली. "सही?" एवढंच म्हणाली. मी मान हलवली. त्याचा अर्थ हो होता की नाही, हे मलाही सांगता आलं नसतं.

दिल्लीच्या विमानतळावर फलक होता, कॅमेरे होते आणि एक भाषण होतं, ज्यात आम्हाला 'वीर' म्हटलं गेलं. बस सुटायच्या आत चढणं हा पराक्रम असेल, तर बीडच्या स्टँडवर रोज शेकड्यांनी वीर दिसतात. पण भाषण संपल्यावर जे मिळालं त्याला मी नावं ठेवणार नाही: स्वच्छ गादी, गरम वरण-भात, डॉक्टर, मोबाइलचं नवं सिमकार्ड आणि घरापर्यंतचं तिकीट. शेवटी एका मुलीने फॉर्म भरून घेतला. त्यात 'अर्धवट राहिलेले काम' असा रकाना होता. उभी नोकरी सरकारी कचेरीत काढल्यामुळे असले रकाने पुढे कुठे जातात ते मला माहीत आहे. तरी ग्रेसबद्दल दोन ओळी लिहिल्या.

छत्रपती संभाजीनगरहून एसटी धरली. गेवराईला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या म्हातारीने फडकं सोडलं.

"कुठून आलाव बाई?"

"आफ्रिकेतून."

"लई लांब हाय का?"

"हाय की."

"मग जेवलाव का न्हाई?"

तिने हातावर धपाटं (ज्वारीच्या पिठाची तिखट भाकरी) ठेवलं. चार महिने पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) खाल्लेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट आहे, असं मी म्हातारीला सांगितलं.

धर्मापुरीला घरी पोचले. आमच्या जुन्या देवळाचं कोरीवकाम बघायला लोक लांबून येतात. मी आठवडाभर मोबाइलला रेंज शोधत त्याच देवळाच्या ओट्यावर बसत होते. व्हिडिओ कॉलवर ग्रेसचा चेहरा दिसायचा आणि गोठायचा. मग एका सकाळी फोन वाजला.

"जयभीम मॅडम. बीडच्या कलेक्टर हापिसातून शेख बोलतोय. ते ग्रेसबाईचं काय करायचं?"

"तुम्ही फॉर्म वाचला?"

"वाचायलाच बसवलंय आमाला. व्हीसीचा हॉल (पडद्यावरच्या बैठकांची खोली) गुरुवारी अकरा ते एक मोकळा हाय. तिकडं दूतावासात कामाला असलेला तिथलाच एक माणूस लॅपटॉप घेऊन जाणार हाय. तुमी तेवढं या."

गुरुवारी बीडला गेले, तर कचेरीच्या फाटकावर माझ्या सत्काराचा फ्लेक्स. माझा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, पुढाऱ्यांचा दाराएवढा. सत्कार एक वाजता, त्याच हॉलमध्ये.

पडद्यावर लाल माती, पंप आणि ग्रेस दिसली. बायकांनी पंप खोलला, सळ्या वर ओढल्या, वायसर बदलला, सगळं पुन्हा आत सोडलं. पावणेएकला ग्रेसने दांडा मारायला सुरुवात केली. पाणी नाही.

"काय झालं, मॅडम?" शेखभाई कुजबुजले.

"वायसर उलटा बसलाय."

"मग सांगा की!"

"सांगितलं तर सही करता येणार नाही."

शेखभाई उठलेच. "अगं ताई, उलटं हाय!" ग्रेसला मराठी येत नाही, पण त्यांचा पंजा हवेत उताणा-पालथा होत होता. मी माइक बंद केला आणि त्यांचा हात धरून खाली ओढला. मग दोघंही हात मांडीखाली घेऊन बसलो.

एकला पाच कमी असताना पुढारी आले, मागे शाल, हार आणि सातआठ माणसं. शेखभाई दारात आडवे झाले.

"साहेब, परीक्षा चालू हाय."

"कुणाची बे?"

"आफ्रिकेतल्या बाईची. नापास व्हायला लागली हाय."

मला वाटलं, आता आवाज चढणार. पण पुढाऱ्यांनी चपला दाराशी काढल्या आणि मागच्या खुर्चीवर गुपचूप बसले. शालवाला भिंतीला टेकला.

ग्रेस थांबली. दांडा हळू दाबून पाहिला, पाइपाला कान लावला. मग सळ्या पुन्हा वर घेतल्या, दट्ट्या हातात धरला आणि स्वतःशीच हसली. वायसर सुलटा झाला, सळ्या खाली गेल्या. एक वाजून गेला होता. हॉलमधून कोणी उठलं नाही.

"आता येतंय," पुढारी मागून म्हणाले. "दांडा जड पडायलाय. आमच्या दारात हाच पंप होता."

आलं. आधी थुंकल्यासारखं, मग धारेने. टाळ्या सगळ्यांत जोरात पुढाऱ्यांच्या होत्या. मी सही केली आणि शाल खांद्यावर पडायच्या आत शेखभाईंनी कागद पाठवूनही दिला. नंतरचं भाषण लांबलं. या वेळी मी ते तक्रार न करता ऐकलं.

परतीच्या गाडीत मी हिशोब लावत होते की आभार कोणाचे मानायचे. सरकारचे म्हणावं, तर जीभ अजून अडते, सवय नाही. पण बस पाठवणारा, फॉर्म भरून घेणारी, तो वाचणारा, हे सरकारच होतं, आणि या माणसांनी मला नुसतं घरी आणून सोडलं नाही. तेवढ्यात ग्रेसचा फोन आला. शनिवारी पेटी मिळणार होती.

"तुला दिसलं होतं ना?" तिने विचारलं.

"लगेच."

"मग बरं झालं तुला परत नेलं. इथे असतीस तर पाना माझ्या हातातून घेतला असतास."

मी नाही म्हणणार होते. पण तिने मला चार महिने काम करताना पाहिलं होतं.