मनू मला ‘बाई’ म्हणाली

फाट्यावर एसटी थांबली तेव्हा माझी वर्षभराची पोर मनू कडेवर झोपली होती. आमची लोखंडी ट्रंक टपावर चढली, गादीची वळकटी चढली, आणि मायनं खिडकीतून बाजरीच्या पिठाचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. माझे वडील, नाना, जरा लांब, लिंबाच्या झाडाखाली उभे होते. ते गाडीकडे बघतच नव्हते. सातपुड्याकडे बघत होते, जणू तो आज नव्यानंच तिथं येऊन बसला होता. गाडी हलली तेव्हा मात्र ते चार पावलं पुढं आले आणि म्हणाले, “पोचनी का पत्तर टाकजो, इमल.” पोचलीस की पत्र टाक. माझं नाव विमल, पण त्या घरात मी कायम इमलच होते.

गावकऱ्यांनो, तुमच्यातले बरेच जण त्याच फाट्यावरून गेलात. कुणी सुरतेला, कुणी नाशिकला, कुणी नुसतं धुळ्यापर्यंत. त्यामुळे पुढचं मी सांगायला नको. शिरपूर मागं पडलं, चोपड्याला गाडी बदलली, आणि दुपार कलता कलता दोन्ही बाजूंची जमीन हिरवी व्हायला लागली. आमच्याकडे वैशाखात नजर जाईल तिथवर ढेकळं दिसायची. इथं केळीच्या बागांमधून रस्ता बोगद्यासारखा चालला होता. पानांतून गाळून आलेला उजेड गाडीत शिरायचा आणि मनूचा चेहरा, यांचा खाकी शर्ट, मांडीवरचं गाठोडं, सगळंच थोडा वेळ हिरवं होऊन जायचं. मला वाटलं, आपण पाण्याखालून चाललोय.

असे आम्ही सावद्याला आलो. मला तिथल्या पोस्टात कारकुनाची नोकरी लागली होती. हे एसटीत कंडक्टर, त्यांनी जवळच्या डेपोत बदली मागून घेतली. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा तो काळ. दोन खोल्या, एक स्टोव्ह, अंगणात सामाईक नळ, आणि घरमालकीण कमलअक्का. तिची बोली आमच्याहून निराळी. ती काही बोलली की मी अर्धा क्षण थांबून मनात उलथून बघायची. पोस्टाच्या काउंटरवर तर मी पुस्तकातल्यासारखं बोलायला लागले. घरी मनूशीही तसंच. पोरीला पुढं शाळेत अडायला नको, असं मी सगळ्यांना सांगायची. खरं कारण एवढंच, की आपलं बोलणं ऐकून समोरच्यानं हसू नये.

दीडेक वर्षानं, दिवाळी होऊन गेल्यावर, राहुल झाला.

बाळंतपणाला गावी जायचं नाही असं मीच ठरवलं होतं. तिथून दवाखाना फार लांब. मग माय आणि नानाच आले. मायच्या डोक्यावर डिंकाच्या लाडवांचा डबा होता, काखेत शेपाचं पुडकं. नाना तिला पोचवून दुसऱ्या दिवशी परत जाणार होते. लेकीच्या घरी राहायचं नाही ही जुनी रीत आपण मानत नाही, असं ते विहारातल्या बैठकीत ठासून सांगत. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा पायातल्या वहाणा त्यांनी दारातच, तोंड बाहेर करून काढल्या.

सकाळी निघताना मनूनं त्यांच्या धोतराचा सोगा धरला. धरला तो सोडेचना. नानांनी माझ्याकडे बघितलं, मायकडे बघितलं आणि पिशवी खुंटीला परत टांगली.

ते तीन महिने आठवताना माझा क्रम लागत नाही. दुपारची उन्हं खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलेली, बाळाला न्हाऊ घातल्यावरचा ओव्याचा धूर, मायच्या पसरलेल्या पायांवर राहुलचं गुलाबी अंग. मी अर्धवट झोपेत. कुणीतरी माझ्या कपाळावर हात ठेवतंय, तो मायचा की मी स्वप्नात लहान झालेय, हे कळायचं नाही. तेवढ्यात दारातून मनूचा आवाज यायचा, “आम्ही पाण्यात पाय सोडले!”

नाना तिला रोज बागांकडे न्यायचे. विहिरीचं पाणी पाटानं केळीला जायचं, त्याच्या कडेला दोघं बसायची. आमच्या गावी पाऊस पडला तर पीक, नाही तर नाही. नानांनी उभ्या जन्मात पाण्याला असं निवांत वाहताना बघितलं नव्हतं. एकदा परत आल्यावर ते मायला हळूच म्हणाले, “बठ्ठं हिरवं शे व. उन्हाळामांबी हिरवं ऱ्हास म्हने.” सगळं हिरवं, उन्हाळ्यातही.

हे सगळं असंच तरंगत राहिलं असतं, पण राहुल महिन्याचा असताना एक गोष्ट घडली. माय अंगणात धुणं वाळत घालत होती, नाना दाढी करायला गेले होते. मी पाठ वळवून स्टोव्हवर दूध तापवत होते. मागं वळले तर मनू पाळण्याला लटकलेली, तिच्या हातात सोललेलं केळं, आणि राहुलचं तोंड उघडं, आवाज नाही. त्याचा रंग बदलत होता.

मी ओरडले ते मला आठवत नाही, कमलअक्कानं नंतर सांगितलं. माय धावत आली, तिनं बाळाला उचलून हातावर पालथं घातलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. एक, दोन, तीन. केळ्याचा लगदा खाली पडला. राहुल रडला. त्या रडण्याइतका गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

आणि मग मी मनूला मारलं. गालावर, जोरात. अडीच वर्षांची पोर. ती भावाला खाऊ घालत होती.

“लेकरूले मारू नको व!” माय किंचाळली. “तिले काय समजस?”

मनू रडली नाही. खाटेखाली जाऊन बसली. मी हात पुढं केला की आणखी आत सरकायची. नाना आले, खाली वाकले आणि धोतराचा सोगा आत सोडला. तो धरून ती बाहेर आली. त्या दिवसापासून ती माझ्याजवळ येईना. मी वाढलेलं जेवायची, मी घातलेला फ्रॉक घालायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

फेब्रुवारीत माझी रजा संपली. यांची ड्युटी बाहेरगावची, मुक्कामाची. तान्ह्याला सांभाळायला कमलअक्का तयार झाली, पण दोन मुलं तिला झेपणार नव्हती. मायला घरी जायलाच हवं होतं. म्हैस दिराच्या भरवशावर किती दिवस ठेवणार? शेवटी नानाच म्हणाले, “मनूले आम्ही लई जातस. पोऱ्या चालाले लागना का धाडी देसूत.” मनूला ते घेऊन जातील, राहुल चालायला लागेपर्यंत.

मी लगेच हो म्हटलं. एवढ्या लगेच, की यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. त्या गालावरची माझी बोटं मला रोज दिसायची, आणि ती डोळ्यांआड होतील असं कुठंतरी मला वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगते. मागं राहिलेल्यांना वाटतं, जाणारे सुखानं जातात. पण कधी कधी आम्ही आमचं मूलही तुमच्याकडे टाकून आलो, आणि काउंटरवर तिकिटं विकत बसलो.

तीन महिने मी नानांची पत्रं वाचली. नाना चौथी शिकलेले, अक्षर मोठं. ‘मनू खुशाल आहे. मनू म्हशीला भीत नाही. मनू भाकर खाते.’ हे एकदा बघून आले. विचारलं तर म्हणाले, “मजेत आहे.” आणि अंघोळीला निघून गेले.

वैशाख पौर्णिमेला सुट्टी जोडून मी राहुलला घेऊन निघाले. फाट्यावर उतरले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. वाटेवर चिटपाखरू नव्हतं, उन्हाच्या झळा पाण्यासारख्या हलत होत्या, आणि त्या पाण्यातून आमच्या घराचं छप्पर वर-खाली होताना दिसत होतं. अंगणात लिंबाच्या सावलीत एक सावळी, केस पिवळसर झालेली पोर मातीच्या भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं.

“माय,” तिनं घराकडे तोंड करून हाक मारली, “एक बाई उनी.”

एक बाई आली आहे.

मी खाली बसले. म्हटलं, “मनू, मी आई. ओळखलं नाहीस मला? हा बघ, राहुल.”

तिनं राहुलकडे बघितलं आणि दोन पावलं मागं सरकली. माय बाहेर आली तशी तिच्या लुगड्याआड गेली. तिथून म्हणाली, “ती असं कसं बोलस?”

ती असं कसं बोलते! माझी पोर माझ्या बोलण्याला हसत होती.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. पौर्णिमेला आम्ही सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेलो, ती नानांच्या खांद्यावर. मी मागून चालत होते. तिसऱ्या दिवशी सुट्टी संपली. मी शिरपूरला जाऊन तार केली की येत नाही, रजा वाढवा. मोठे साहेब काय म्हणतील याचा विचार केला नाही.

चौथ्या दिवशी ती पुन्हा अंगणात भाकरी थापत होती. मी शेजारी बसले आणि मीही माती घेतली. दोन भाकरी थापून झाल्या. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, “मन्ही भाकर जयी गयी व.” माझी भाकर जळाली गं.

तिचा हात थांबला. “कथी?”

“हाई देख. आते मी काय खाऊ?”

तिनं जरा विचार केला आणि आपल्यातली अर्धी भाकर मोडून माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, “हाई ले.” मी खाल्ल्यासारखं केलं. ती बघत राहिली. मग, अगदी सहज, विचारलं, “तू कोन शेस?”

“मी तुन्ही माय शे.”

“माय तं घरमां शे.”

“ती मन्ही माय. मी तुन्ही.”

हे तिला पटलं की नाही, सांगता येत नाही. पण ती उठली आणि मातीचे हात घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसली. पांढऱ्या पातळावर तिच्या हातांचे ठसे उमटले. मी हलले नाही. पाय बधिर झाले तरी हलले नाही. स्वयंपाकघराच्या दारात माय पदर तोंडाला लावून उभी होती.

निघायच्या दिवशी मात्र तिनं अट घातली. “नाना येई तं मी येसू.” नाना येतील तर मी येईन. सगळे हसले. नाना हसले नाहीत. मृगाला महिनाही उरला नव्हता. त्यांनी भावाला बोलावलं, जमीन बटाईनं कसायला दिली, आणि पेटीतून आपलं दुसरं धोतर काढलं. साठ वर्षं त्यांनी त्या मातीतली एक पेरणी चुकवली नव्हती.

“आणि तू?” मी मायला विचारलं.

“लई जा त्यास्ले,” ती म्हणाली. “माले काय, म्हैस शे.”

दोन वर्षं माझे आई-बाप माझ्या मुलांपायी दोन गावांत राहिले. दिवाळीला नाना जायचे, संक्रांतीला परत यायचे. माय कधी तक्रार करायची नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर शेंगा पाठवायची. मला त्या शेंगा फोडताना लाज वाटायची. मुलं फोडून खायची आणि टरफलांच्या होड्या करून नाना त्यांना नळाच्या पाण्यात सोडायला शिकवायचे. आमच्या दोन खोल्यांत आता दोन्ही भाषा होत्या. मी पोस्टातून घरी आले की चप्पल दाराशी काढायची आणि काउंटरवरचं बोलणंही.

मग एका सकाळी पोस्टाच्या दारात माय उभी. एकटी. जन्मात ती एकटी शिरपूरपुढं गेली नव्हती. चोपड्याला गाडी बदलून, विचारत विचारत आली होती. हातात एकच पिशवी.

“म्हैस इकी टाकी,” ती म्हणाली. “आते कोनासाठे ऱ्हाऊ तठे?”

मी काउंटरची खिडकी लावली आणि तशीच बाहेर आले. रांगेतली माणसं बाजूला झाली.

याला आता कितीतरी वर्षं झाली. मनू जळगावला कॉलेजात आहे, राहुल मॅट्रिकला बसेल. मला सावद्यात येऊन दीड तप होत आलं. तरी कुणी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या, तर मी आपल्या गावाचं नाव सांगते. ते सांगताना अजून माझ्या डोळ्यांपुढं झळांमध्ये हलणारं छप्पर येतं. घर म्हणजे कुठलं, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. तुमच्यातल्या कुणाला आलं असेल तर कळवा.

मागच्या महिन्यात शेजारच्या खोलीत नवीन बिऱ्हाड आलं. ती बाई नळावर मायला म्हणाली, “कुठल्या व माय तुम्ही? बोलण्यावरून इकडच्या नाही वाटत.”

मी आत भाकरी थापत होते. माझा हात थांबला. मला वाटलं, माय आता गावाचं, बापाचं, सासऱ्याचं सगळं सांगेल.

मायनं भरलेली बादली उचलली. आतून नानांचा खोकला ऐकू येत होता, राहुल मोठ्यानं धडा वाचत होता.

“मी आठलीच शे.” मी इथलीच. एवढं म्हणून ती पाणी घेऊन घरात आली.